उलट्या पावलांचा शनिवार

टिल्डा तीन वर्षांची असताना माझ्याकडे आली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण राइली, महामार्गावर ओंडके वाहणाऱ्या ट्रकखाली गेली. बाप त्याच्या आधीच पश्चिमेकडे तेलाच्या कामावर गेला होता, तो गेलाच. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि ऑटर हार्बरच्या धक्क्यावर बाबांनी मागे ठेवलेलं माशांचं धुरीघर चालवत होते. पोरगी धुरात वाढली. तिच्या शाळेच्या वह्यांनाही मेपलच्या धुराचा आणि व्हाइटफिशचा वास यायचा.

आमच्या घरातल्या बायकांना एक गोष्ट करता येते. आयुष्यात एकदाच. सकाळी ज्या दाराने बाहेर पडलो, त्याच दाराने सूर्य बुडायच्या आत उलट्या पावली घरात यायचं. मग तो दिवस पुसला जातो आणि आपण पुन्हा त्याच सकाळी अंथरुणात जागे होतो. बाकी कुणाला काही आठवत नाही, आपल्याला मात्र सगळं आठवतं. आईने हे मला आणि राइलीला बटाटे सोलता सोलता सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, "कुणापुढे बोलू नका, आणि उगीच वापरू नका."

मी उगीच वापरलं. बावीस वर्षांची होते. ऑर्विल नावाच्या माणसाशी माझं भांडण झालं, मी तोंडाला येईल ते बोलले आणि तो गाडीत बसून निघून गेला. संध्याकाळी मी उलटी चालत घरात आले. दुसऱ्या खेपेला मी गोड बोलले, त्याला आवडायचा तसा रस्सा केला. पानगळ आली तेव्हा तो तरीही गेला. त्यानंतर तीन वर्षांनी राइलीची बातमी आली, तेव्हा चांगलं ऊन होतं, दिवस हातात होता. मी त्या दारातून चौदा वेळा उलटी आत आले. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. तिला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलंय.

टिल्डा चौदाची झाली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे आई वाचली असती," ती म्हणाली.

"हो."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेही मीठ कुठे ठेवलंय ते विचारायला.

वेस पेल्की आमच्याकडे शनिवारी कामाला यायला लागला तेव्हा दोघंही शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, जरा पोक काढून चालणारा, हळू बोलणारा पोरगा. बाप दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेला, आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला, आणि थोरला भाऊ ट्रॅव्हिस म्हणजे गावाचा लाडका. ट्रॅव्हिस बर्फावरच्या शर्यतीत स्नोमोबाइल चालवायचा आणि कुणाला आटोपत नसे. ती गाडी त्या दोघा भावांनी बापाबरोबर मिळून बांधली होती. बाप खोकत खोकत स्टुलावर बसून सांगायचा आणि ही दोघं नट-बोल्ट आवळायची. ते इंजिन हे त्या माणसाचं शेवटचं काम.

टिल्डाला जादूच्या प्रेमकथांचं वेड. वाचनालयातून चार-चार जाडजूड पुस्तकं आणायची आणि लाकडांच्या ढिगाशेजारी ठेवायची. एका शनिवारी मी मागे गेले तर वेस त्यातलंच एक वाचत बसलेला.

"हा पोरगा दर पौर्णिमेला झाड होतो ना?" तो टिल्डाला म्हणाला. "मग हिने त्याला कुंडीत का नाही लावलं? पळून जायची भीतीच नाही."

"तुला कुणी वाचायला सांगितलं?"

"मग काय धुराकडे बघत बसू? आणि ही केवढी ठोंबी आहे! तीनशे पानं झाली, तो हिच्यासाठी पानं गाळतोय आणि हिला वाटतं, हवा बदलली."

"दे इकडे. माशांचे हात लावलेस, आता मलाच दंड भरायला लावतील."

"देतो. पण शेवटी काय होतं ते नको सांगूस," तो म्हणाला, आणि पुस्तक दिलं नाही.

मग हेच सुरू झालं. हिने वाचायचं, याने वाचायचं, आणि दिवसभर मासे मिठाच्या पाण्यातून काढता काढता त्या पुस्तकांवरून भांडायचं. मला सगळं दिसत होतं. मी मुद्दाम दुकानाच्या पुढच्या बाजूला काम काढून बसायचे.

त्या मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी जे झालं ते मला आठवत नाही. ते टिल्डाने मला सांगितलं. मी तिथे होते, बोलले होते, पण तो दिवस माझ्याकडे नाही. फक्त तिच्याकडे आहे.

सिल्व्हर पॉइंटला, खाडीच्या पलीकडे, दुपारी तीनला मोठी शर्यत होती. एका चमूची माणसं नवा गडी निवडायला यायची होती. रस्त्याने वळसा घालून गेलं तर दोन तास लागतात, आणि पेल्कींच्या घरातला ट्रक त्यांची आई कामावर घेऊन गेली होती. ट्रॅव्हिस म्हणाला, गाडीवर बसून बर्फावरूनच जातो, चाळीस मिनिटांत पोचतो. वेस त्याच्याबरोबर जाणार होता. ऐन वेळी म्हणाला, तू हो पुढे, मला काम आहे.

काम हे होतं की त्याने टिल्डाला धुरीघराच्या मागे बोलावलं आणि तिच्या हातात तिचंच पुस्तक दिलं. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: "शेवट मला आवडला नाही. त्या मुलाने पहिल्याच प्रकरणात सांगायला हवं होतं. मी सांगतोय." टिल्डाने ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग ती दोघं ओंडक्यांवर बसली आणि कितीतरी वेळ बोलली. त्याने तिला असं काही सांगितलं जे कुणालाच माहीत नव्हतं. बाप गेला त्या दुपारी तो इस्पितळाच्या आवारात ट्रकमध्येच बसून होता. वर जायचं धाडस झालं नाही. घरच्यांना त्याने सांगितलं, मी खाली कॉफी घ्यायला गेलो होतो. बापाने दोनदा त्याचं नाव घेतलं होतं म्हणे. हे सांगताना तो रडला आणि टिल्डाने त्याचा हात धरून ठेवला.

अडीचला बर्फात भोक पाडून मासे धरणारे दोघं धावत धक्क्यावर आले. नदी जिथे खाडीला मिळते तिथे बर्फ खालून खाल्लेला होता. ट्रॅव्हिस गाडीसकट आत गेला. त्याला बाहेर काढलं तेव्हा सहा वाजत आले होते.

त्याची आई कामाचा एप्रन न काढता काठावर बसली होती. वेस टिल्डाचा हात सोडत नव्हता. "तू जाऊ नकोस," एवढंच म्हणत होता. सूर्य बुडायला तास-दीड तास उरला होता. टिल्डाला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ती घरी आली, दार उघडं होतं. मग ती वळली आणि उलट्या पावली आत आली.

यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या खेपेच्या त्या शनिवारी सकाळी सहाला टिल्डा न खाता-पिता घराबाहेर पडायला निघाली. मला म्हणाली, "मावशी, मी वापरलं. ट्रॅव्हिस आज बुडतो." मी हातातली किटली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारायचं काही उरलं नाही. मी माझा कोट घातला आणि तिच्याबरोबर निघाले.

ट्रॅव्हिस गॅरेजमध्ये गाडी पुसत होता.

"नदीच्या तोंडाशी बर्फ पातळ आहे," टिल्डा म्हणाली. "आज बर्फावरून जाऊ नकोस."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"अरे वा! चार वर्षं मी याच बर्फावरून जातोय आणि आता मला मासेवाली शिकवणार!" तो हसला. "मिस हेल्मी, हिला घेऊन जा हो. झोप झालेली दिसत नाही."

मी म्हटलं, "ट्रॅव्हिस, आईला फोन कर. ट्रक मागव. थोडा उशीर होईल, एवढंच."

"उशीर झाला तर निवड संपलेली असेल. तुम्ही पण काय हिच्या नादी लागलात?"

वेस दारात उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. आज त्याने मनाशी काय ठरवलंय ते टिल्डाला माहीत होतं, आणि ते तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "टिल्डा, आज नको ना. आज त्याचा मोठा दिवस आहे. त्याला घाबरवू नकोस."

आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, गुरुवारीच मोजलाय, पंधरा इंच बर्फ आहे, ट्रक गेला तरी काही होणार नाही. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात फोन केला. वेसच्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हेल्मी, माझ्या पोराला मुहूर्तावर असलं अभद्र बोलू नका," आणि फोन ठेवला. टिल्डाने गाडीची किल्ली पळवली. ट्रॅव्हिसकडे दुसरी होती. एक वाजत आला.

मी जेवणाचं बघायला घरी आले होते. टिल्डा एकटीच पुन्हा त्या गॅरेजमध्ये गेली. ट्रॅव्हिस आत कपडे करत होता. भिंतीवर हातोडा टांगलेला होता. तिने गाडीचं झाकण उघडलं आणि त्या इंजिनावर घाव घातले. एक नाही, दोन नाही. पहिल्याने काही होत नाही म्हणून आणखी. मग टाकीत वाळूही ओतली.

आवाजाने धावत आला तो वेस. तिच्या हातात हातोडा होता, आणि बापाने पेन्सिलीने खूण केलेला इंजिनाचा भाग फुटून जमिनीवर पडला होता. टिल्डा सांगते, वेस ओरडला नाही. खाली बसला आणि ते तुकडे ओंजळीत गोळा करायला लागला.

ट्रॅव्हिस कुठेही गेला नाही. तीन वाजता शर्यत झाली आणि पलीकडच्या कुणीतरी पोराला निवडलं. ट्रॅव्हिस घराच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होता, जिवंत.

बर्फ त्या दिवशी फुटला नाही. त्यावरून कुणी गेलंच नाही तर फुटेल कसा? मंगळवारी वारा फिरला आणि अख्ख्या खाडीचा बर्फ फुटून वाहून गेला. टिल्डा धावत चौकीत गेली, "बघा, बघा" म्हणाली. तो माणूस म्हणाला, "मार्च संपला की तो जातोच. दर वर्षी जातो."

वेसच्या आईने तक्रार केली नाही. आमच्या दारात आली, आत पाऊल टाकलं नाही. टिल्डाला म्हणाली, "तुला आई नाही, म्हणून सोडते." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

गावाने आपली गोष्ट जुळवली. टिल्डाला वेस हवा होता, वेस भावाबरोबर जाणार होता, पोरीला सहन झालं नाही. शाळेत कुणी तिच्या कपाटावर हातोड्याचं चित्र काढलं. तिने ते पुसलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर तिने वेसला गाठलं. मी दुकानाच्या उघड्या खिडकीतून बघत होते, ऐकत होते. तो धक्क्यावरून जात होता आणि ती आडवी गेली. तिने त्याला सगळं सांगितलं. दार, उलटी पावलं, बर्फ, त्याची आई, सगळं.

"झालं?" वेस म्हणाला. "पुस्तकातलं झालं सगळं सांगून?"

"तू मला लिहून दिलं होतंस. शेवटच्या पानावर."

"मी तुला काहीही दिलेलं नाही."

"वेस, मला माहीत आहे तू देणार होतास."

तो जायला वळला होता, तो थांबला. मला वाटलं, आता जमलं. टिल्डालाही तसंच वाटलं असणार. म्हणून तिने ते बोलून टाकलं. "तुझे बाबा गेले तेव्हा तू वर गेला नव्हतास. ट्रकमध्ये बसला होतास. हे मला कसं माहीत असेल? तूच सांगितलंस. माझा हात धरून सांगितलंस."

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. मी खिडकीतून हे पाहिलं आणि मला दारापर्यंतही जाता आलं नाही.

"तू मला बघत होतीस?" तो म्हणाला. "इस्पितळात? तेव्हापासून?"

"नाही रे, तू..."

"बाबांचं इंजिन घेतलंस. आता हेही घेतेस? माझ्यापाशी आणखी काय राहिलंय ते सांग, म्हणजे मीच आणून देतो."

"मी तुझ्या भावाला वाचवलं."

"कशापासून?" तो ओरडला. "दाखव मला! कशापासून वाचवलंस?"

तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तो गेला. त्याच वर्षी तो थंडर बे शहरात शिकायला गेला आणि सुट्टीतही गावात येईनासा झाला.

धक्क्यावरच्या त्या भांडणाच्या रात्री जेवताना टिल्डाने ताट बाजूला सरकवलं. मी मूर्खासारखी म्हणून गेले, "तू योग्य तेच केलंस ग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू काय म्हणाली होतीस ते ऐकायचंय? त्या पहिल्या शनिवारी?"

"मी होते तिथे?"

"दारातच उभी होतीस. माझा दंड धरलास. म्हणालीस, 'वेडी होऊ नकोस. तुझा वेस जिवंत आहे ना? दुसऱ्याच्या मुलासाठी आपलं घालवू नकोस. ठेव जवळ, पुढे लागेल.' मी हात सोडवून घेतला तेव्हा तू मला थोबाडीत मारलीस."

मी असं बोलले नसते, असं मला म्हणता येईना. म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी ती भांडी धुवून काढली, मग जी धुतलेली होती तीही पुन्हा धुतली. चौदा वेळा त्या दारातून उलटी आत आलेली बाई कुणाचा मुलगा बुडाला म्हणून आपली ठेव सोडणार नाही, हे मला माझ्याबद्दल माहीतच होतं. फक्त कुणी ते कानाने ऐकलेलं नव्हतं. आता या पोरीने ऐकलंय, आणि ती माझ्याबरोबर एकाच टेबलाशी जेवते.

सहा वर्षं झाली. टिल्डाला मी म्हटलं, जा कुठेतरी, शहरात जा, इथे काय ठेवलंय. ती गेली नाही. का, ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं, ट्रॅव्हिस जिवंत आहे हे तिला अधूनमधून बघावं लागतं.

आणि तो असा जिवंत आहे की बघवत नाही. लाकडाच्या गिरणीत जातो, संध्याकाळी पितो, आणि ऐकेल त्याला सांगतो की आज मी टीव्हीवर दिसलो असतो, एका सटवीने माझं इंजिन फोडलं. दोन वर्षांपूर्वी त्याने लग्न केलं, आता मुलगी आहे. टिल्डा समोरून आली तर तो रस्ता ओलांडतो. मुलीला कडेवर घेऊन ओलांडतो. ती मुलगी मागे वळून टिल्डाला हात हलवते, कारण ती सगळ्यांनाच हात हलवते.

एकदा मासे टांगता टांगता टिल्डा म्हणाली, "मावशी, मला त्याचा राग येतो. एवढं करून त्याने जगून काय केलं?"

"पस्तावतेस?"

"रोज."

"मग पुन्हा वेळ आली तर करशील?"

तिने आकडा माशाच्या कल्ल्यात अडकवला, दुसरा मासा उचलला. "माहीत नाही," ती म्हणाली. "लोकांना वाटतं माहीत असतं."

गेल्या उन्हाळ्यात वेस आला. आईला बघायला आला होता, बरोबर बायको. ब्रिन तिचं नाव, हसरी, गालावर तीळ, चांगली मुलगी. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. तिला धुरी दिलेला मासा घ्यायचा होता, म्हणून तीच त्याला ओढत दुकानात घेऊन आली. तो दाराशीच उभा राहिला.

टिल्डा काउंटरवर होती. तिने हात पुसले.

"तुम्ही इथल्याच का?" ब्रिनने विचारलं. "मग वेसला ओळखत असाल. एकाच शाळेत?"

टिल्डाने वेसकडे पाहिलं. उत्तर त्याने द्यावं म्हणून ती थांबली असावी.

"हो," वेस म्हणाला. "मी शनिवारी इथे काम करायचो. थोडे दिवस."

"अय्या, मग याचे किस्से सांगा ना! हा मला लहानपणाचं काही म्हणजे काही सांगत नाही. कसा होता हा? प्रेमात-बिमात पडायचा का कुणाच्या?"

वेस खाली बघत होता. टिल्डाने कागद फाडला, मासा ठेवला, दोन्ही कडा नीट दुमडल्या आणि दोरा बांधला.

"नाही आठवत मला," ती म्हणाली. "खूप दिवस झाले."

ब्रिनने पुडकं घेतलं, मनापासून आभार मानले, माशाला किती दिवस वास राहतो ते विचारलं. मग ती दोघं बाहेर पडली. गाडीशी गेल्यावर वेसने एकदा मागे पाहिलं, दुकानाच्या पाटीकडे, की टिल्डाकडे, ते मला सांगता येणार नाही. बायकोने हाक मारली आणि तो बसला.

मी म्हटलं, "आज तू लवकर घरी जा. मी बघते इथलं."

"अजून दोन तबकं राहिलीत," टिल्डा म्हणाली आणि मागे गेली. थोड्या वेळाने लाकडं फोडल्याचा आवाज यायला लागला. त्या आठवड्याला लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त लाकडं तिने फोडली. मी तिला थांबवलं नाही.